मरण वरून का खालून

साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मकबऱ्याच्या बागेत एका झाडात डोकं खुपसून उभे होते. अगदी खरोखर खुपसून. बाहेर नुसती खाकी पाठ, आणि पाठीवर बांधलेले दोन हात. मला ऑफिसातून सांगितलेलं, फॉरेस्टचे नवे साहेब आलेत, मकबऱ्यावर आहेत, जीप घेऊन जा. मी विचारलं, ओळखायचे कसे? हेडक्लार्क म्हणाला, "ओळखशील." तिथं आलेली सगळी माणसं घुमटाकडं बघत होती आणि हा एकटा सरूच्या झाडात शिरलेला.

मी खोकलो तसे ते बाहेर आले. केसांत, भुवयांत वाळका कचरा. नाव-गाव काही न विचारता मला म्हणाले, "आतली पानं वाळलीत, बघितलंस?"

"व्हय साहेब. पाणी कमी पडलं असंल."

"चूक. आतली पानं म्हातारी असतात, त्यांचं वय झालं की ती वाळतातच. आतली वाळली तर घाबरायचं नाही. टोकाची वाळली तर घाबरायचं. आता सांग, हे झाड आजारी आहे का?"

मी झाडाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. म्हणालो, "मला काय कळतंय साहेब, मी ड्रायव्हर माणूस."

"हे उत्तर बरोबर," असं म्हणून ते जीपमध्ये जाऊन बसले.

झाड आजारी आहे हे बरोबर, का मला कळत नाही हे बरोबर, ते मला त्या दिवशी उमगलं नाही. पुढं त्यांच्यासोबत कित्येक वर्षं काढली, पण संध्याकाळी घरी जाताना डोक्यात असाच गुंता घेऊन जायचो. बायको विचारायची, आज काय झालं साहेबांचं? मी म्हणायचो, तू जेवायला वाढ.

साहेब तसे आमच्याच भागातले. आडनाव मराठी, सही उर्दूत. शाळा-कॉलेज सगळं निजामाच्या अमलातलं, त्यामुळं बोलता बोलता मध्येच "गौर कर मियाँ" म्हणायचे आणि समोरचा गौर करीपर्यंत पुढं निघून जायचे. त्या काळात सरकारनं त्यांना जंगलाचं शिक्षण घ्यायला वर डेहराडूनला पाठवलेलं. तिथं पहाडात देवदार आणि पाईनची जंगलं. या झाडांना पानं म्हणजे सुया असतात आणि जखम झाली की बुंध्यातून राळ गळते, हे सगळं मला साहेबांनीच सांगितलेलं. मी कुठं बघायला गेलो होतो. त्या झाडांना किडा कोणता लागतो, रोग कोणता लागतो आणि लांबून नुसतं बघून तो ओळखायचा कसा, हे साहेब तिथं शिकले आणि त्यातच अडकून बसले.

परत आले तर इकडं पोलीस ॲक्शन. निजाम गेला, ऑफिसातली भाषा बदलली, खुर्च्यांवरची माणसं बदलली. साहेबांची नोकरी तेवढी राहिली, पण राहिली ती साग, बाभूळ आणि अंजनाच्या मुलखात. ज्या झाडांसाठी डोळे तयार करून आणले, ती झाडं अख्ख्या मराठवाड्यात नाहीत. त्यांच्या जातीतलं म्हणायचं तर मकबऱ्यातले सरू आणि छावणीत चर्चच्या आवारातलं एक नाताळचं झाड. या दोन ठिकाणी साहेब न चुकता जायचे, जसं कुणी नातेवाइकांकडं जावं.

चर्चच्या पाद्रीबाबांना आधी वाटलं, हा माणूस धर्माकडं वळतोय. त्यांनी लई आपुलकीनं खुर्ची मांडली, चहा मागवला. साहेबांनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "फादर, इथं कुत्रं आहे का?" पाद्रीबाबा म्हणाले, आहे की. साहेब म्हणाले, "खालच्या फांद्या एकाच बाजूनं करपल्यात. हा रोग नव्हे, किडाही नव्हे. तुमचं कुत्रं रोज तिथंच तंगडी वर करतं." त्यानंतर चहा काही आला नाही, पण झाडाभोवती काट्यांचं कुंपण झालं आणि पुढच्या नाताळाला त्या फांद्या खरंच हिरव्या दिसल्या.

रस्त्यानं जाताना एखादं वाळकं झाड दिसलं की जीप थांबवायला लावायचे. मग लिंब असो, बाभूळ असो. खाली उतरायचे, टोपी काढायचे आणि आधी शेंडा बघायचे. मग माझ्याकडं वळून नेहमीचा प्रश्न, "मरण वरून चाललंय का खालून?"

पाईनचं म्हणे असं असतं. शेंडा आधी लाल पडला आणि मरण खाली उतरत आलं तर किड्यावर संशय धरायचा. तो सालीखाली शिरतो, आत बोगदे करतो, सालीच्या भेगांत बारीक भुस्सा सांडतो. खालच्या फांद्यांपासून वर चढत गेलं, सुयांवर ठिपके किंवा पट्टे दिसले, तर सुयांचा रोग. आणि सगळं झाड एकदमच फिकट पडून मान टाकायला लागलं, तर वर बघत बसायचं नाही, मुळाशी उकरायचं. हे मला पाठ झालं होतं. पण हे सगळं बाभळीला लागू आहे का, असं विचारलं तर साहेब म्हणायचे, "बिलकुल नाही." मग बाभळीपाशी गाडी का थांबवली, हे विचारायची माझी टाप नव्हती.

एकदा दौलताबादच्या पुढं घाटात जीप बंद पडली. मी बॉनेट उघडलं. साहेब शेजारी येऊन उभे.

"काय झालं?"

"पंपात कचरा गेला असंल साहेब."

"हे तुला वाटलं. पाहिलं काय?"

"पाहिलं... वाफ येतीय."

"कुठून?"

"रेडिएटरातून."

"पाहिलं काय ते आधी सांगत जा. वाटलं काय ते नंतर. पोटात दुखणाऱ्याचं डोकं चेपायला निघाला होतास तू." मी मनातल्या मनात त्यांना दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि रेडिएटरचं झाकण बघितलं तर सैल. साहेब जीपमध्ये बसले ते घाट उतरेपर्यंत गुणगुणत राहिले.

हर्सूलच्या नर्सरीत नव्या गार्डांचा वर्ग भरायचा. खेड्यापाड्यातून आलेले गडी, त्यांना आग कशी विझवायची, सागाची चोरी कशी पकडायची हे शिकवायचं. साहेब शिकवायचे पाईनचा किडा. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी देवदाराच्या सालीचे तुकडे जपलेले, आतून किड्यानं नक्षी कोरलेले. तो डबा ते वर्गात हातोहात फिरवायचे. एकदा एका गड्यानं हात वर केला. "साहेब, हे झाड आपल्याकडं हाय का?"

"नाही."

"येणार हाय का?"

"सांगता येत नाही."

"मग आमी कामून शिकायचं?"

साहेबांनी डबा परत हातात घेतला, झाकण लावलं. मग म्हणाले, "दिसलं तर ओळखू येईल." गडी खाली बसला. सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मी अर्थ सांगणार होतो. मी दाराबाहेर जाऊन विडी पेटवली.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खरंच पाईन आले.

सरकारच्या मनात आलं की इथं डोंगरावर पाईन लावून बघावेत. म्हैसमाळच्या अंगाला, वरच्या माळावर एक प्लॉट आखला. सगळ्या खात्यात या झाडाची ओळख असलेला माणूस एकच, त्यामुळं काम साहेबांकडं आलं. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला फार काळ राहिला नव्हता. रोपं आली त्या दिवशी साहेब ट्रकमध्ये चढले आणि रोपांना हात लावून हुंगत बसले. मला म्हणाले, "वास घे." मी घेतला. मला टर्पेंटाइनचा वास आला, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून मी चांगला आहे म्हणालो.

प्लॉटची राखण करायला लिंबाजीला ठेवला. हा जातीनं धनगर, उमर साहेबांच्या आसपासची. त्याचे भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरायचे, याचे गुडघे गेले म्हणून हा रोजंदारीवर. मेंढरं आत येऊ नयेत म्हणून मेंढक्यालाच नेमला, यावर ऑफिसात हसले सगळे. पण लिंबाजीनं सख्ख्या भावाची मेंढरं दगड मारून हाकलली आणि त्या दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. प्लॉट उभा राहिला तर त्याला कायम करू, असं साहेबांनी त्याला सांगितलेलं. तो शब्द लिंबाजीनं गाठीला बांधून ठेवला होता.

माळ म्हणजे नुसता मुरूम. त्यात खड्डे खणले. लिंबाजी म्हणाला, "एवढी दुरून आलेली लेकरं, ती काय खडकात जगतील सायेब?" आणि गड्यांना लावून खालच्या शेतांतली काळी माती टोपल्यांनी वर आणून खड्डे भरले. साहेब बघत होते. 

वरून हुकूम एकच होता. पहिल्या उन्हाळ्यापुरतं पाणी द्यायचं, पुढं एक थेंब नाही. ही झाडं इथल्या पावसावर जगतात का हेच तर बघायचं होतं. साहेबांना हे पटलेलं होतं. पटलेलं म्हणजे काय, जीपमध्ये ते मलाच समजावून सांगायचे. "पाईन हे कोरड्या पायाचं झाड आहे. गौर कर. पाणी साचलं की मूळ गुदमरतं. ज्यानं पाईनला पाणी घातलं त्यानं पाईन मारला." घाटभर असं चालायचं. आणि मागं जीपला जोडलेल्या ट्रॉलीत पाण्यानं भरलेली टाकी डुचमळत यायची.

मी एकदा विचारलं, "मग साहेब, ही टाकी?"

"ही? ही लिंबाजीला प्यायला."

अहो, त्या टाकीत आमच्या सगळ्या गल्लीचं लग्न उरकलं असतं. एकटा माणूस, गुडघे गेलेला, पिऊन पिऊन पिणार किती? पण दर खेपेला टाकी भरून वर जायची आणि रिकामी खाली यायची. वर पोचलो की साहेब लिंबाजीला निक्षून सांगायचे, झाडांना पाणी घालायचं नाही. लिंबाजी म्हणायचा, व्हय सायेब. मग साहेब पाठमोरे होऊन डोंगर बघत उभे राहायचे, चांगले तासभर, आणि त्यांच्या पाठीमागं लिंबाजी बादली घेऊन टाकीपासून झाडापर्यंत, झाडापासून टाकीपर्यंत. मी जीपच्या सावलीत बसून हे बघायचो. बादलीचा आवाज साहेबांना ऐकू येत नव्हता, असं म्हणायला मी काही त्यांना बहिरं समजत नव्हतो. पण यातलं खरं काय आणि खोटं काय, मला सांगता यायचं नाही. पाणी घालणं चूक असं सांगणारे तेच, आणि पाणी वर नेणारेही तेच.

दोन पावसाळे झाडं जोरात वाढली. मग तिसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता काही झाडांचा रंग उतरला. हिरव्याचं पिवळट, पिवळटाचं तांबूस. साहेबांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. घाबरले होते आणि, देवाशपथ सांगतो, आनंदलेही होते. गळ्यात भिंग, हातात पटाशी, गुडघ्यावर रांगत या झाडाखालून त्या झाडाखाली. भुस्सा शोधायचे, सापडायचा नाही. सुया उन्हाकडं धरून ठिपके बघायचे, दिसायचे नाहीत. "मरण वरूनही नाही, खालूनही नाही," असं पुटपुटायचे. मुळाशी बघा की, असं तुम्हीच म्हणता, हे माझ्या तोंडाशी यायचं. पण ते रोज किड्याच्याच मागं. मी म्हणायचो, आपल्याला कळत नसंल काहीतरी.

लिंबाजी घाबरून गेला. झाड सुकतंय म्हटल्यावर त्यानं आणखी पाणी घालायला घेतलं. दुसरं काय करणार तो?

अशात पत्र आलं, मोठे साहेब पुण्याहून बघायला येणार. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब जीपपाशी येऊन खाली मातीतच बसले. म्हणाले, "मला काही दिसत नाही बाबा. तू सांग. वाटतं ते नको, पाहिलं काय ते सांग."

मला बोलावं का नको कळेना. कारण मी जे पाहिलं होतं त्यानं माझीच झोप उडाली होती. शेवटी म्हणालो, "साहेब, रागावू नका. जिथं माझी जीप उभी ऱ्हाती तिथलीच झाडं चाललीत. वरच्या टोकाची, लांबची, ठणठणीत हायेत. माझ्या गाडीच्या धुरानं तर नसतील मेली?"

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मग टाकीकडं बघितलं. मग लिंबाजी दोन्ही हातांनी बादली धरून, लंगडत, सगळ्यात जवळच्या झाडाकडं चालला होता, त्याच्याकडं बघितलं. गुडघे गेलेला माणूस भरली बादली घेऊन कितीसा लांब जाणार? साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.  "तुझी गाडी निर्दोष आहे," एवढंच बोलले.  मला आपलं बरं वाटलं, माझ्यावरचा आळ गेला म्हणून. बाकी डोक्यात काही शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. माणूस घाईतला, घड्याळ बघत बोलणारा. मेलेलं एक झाड बघून म्हणाले, काय आहे हे? साहेबांनी पटाशी लावली. साल उचकटली आणि आत बारीक बारीक भोकं, पिठासारखा भुस्सा, आणि एक काळा किडा, मोहरीएवढा, चालत होता.

मी साहेबांचं तोंड बघितलं. जन्मभर ज्याची वाट बघितली तो हाताच्या नखावर येऊन बसला होता. 

"कीड आहे तर," मोठे साहेब म्हणाले. "मग पसरायच्या आत सगळा प्लॉट तोडा आणि जाळून टाका. विषय संपला."

मला वाटलं, सुटलो. किड्यावर गेलं म्हणजे कुणावरच गेलं नाही. साहेब अब्रूनं घरी जातील, किडा ओळखणारा माणूस म्हणून. लिंबाजीला दुसरीकडं कुठं तरी राखणीला लावतील. फक्त वरच्या टोकाची हिरवी झाडं जळतील. झाडंच ती.

साहेब म्हणाले, "किडा आहे. पण यानं मारलं नाही."

"म्हणजे?"

"जितं झाड किड्याशी भांडतं. भोक पडलं की राळ सोडतं, भोकाच्या तोंडाशी राळेचा गोळा धरतो. इथं एकही गोळा नाही. हा आला तेव्हा झाडात भांडायला जीव राहिला नव्हता. हा मेलेलं खायला आलाय." आणि कुदळ मागवून त्यांनी स्वतः मुळाशी खणलं. मूळ काळं पडलेलं. त्यांनी चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली. कुजका वास सुटला. मुरमाच्या खड्ड्यात काळी माती रबरबीत, रांजणात चिखल कालवावा तशी.

"पाण्यानं मेलंय," साहेब म्हणाले.

मोठे साहेब हसले. "मराठवाड्यात? पाण्यानं?" मग हसू थांबलं. "पाणी घालायचं नाही असा हुकूम होता. कुणी घातलं?"

लिंबाजीनं हात जोडले होते. त्याला अजून विश्वास नव्हता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पाण्यानं झाड मरतं हे त्यानं बापजन्मात ऐकलं नव्हतं. पण विचारलं म्हटल्यावर तो म्हणाला, "म्या घातलं सायेब."

"यानं बादली उचलली," साहेब म्हणाले. "पाणी मी आणलं. दर खेपेला टाकी भरून मी आणलं आणि तिकडं तोंड करून उभा राहिलो. मला शिकवलेलं होतं, मला पाठ होतं. पण इथला उन्हाळा आहे साहेब, आणि समोर झाड आहे. माझ्यानं रिकाम्या हातानं वर येववलं नाही."

 मोठे साहेब प्लॉटच्या वरच्या टोकापर्यंत चालत गेले, तिथली झाडं बघितली, मातीत बोट घालून बघितलं, परत आले. म्हणाले, "मेलेली काढून जाळा. वरची राहू द्या. पुढच्या पावसापर्यंत यांना एक थेंब मिळता कामा नये. तशी जगली तर प्लॉट राहील आणि हा माणूसही राहील. मी मध्येच केव्हाही माणूस पाठवीन. आळं ओलं सापडलं तर प्लॉटही नाही आणि हाही नाही. तुमचं मी वेगळं बघतो."

साहेब म्हणाले, "बघा."

ती झाडं जगली, हे आत्ताच सांगून टाकतो. लिंबाजी पुढं कायम झाला. साहेबांची बढती अडली, ते त्याच खुर्चीवरून घरी गेले आणि त्यांना त्याचं काही वाटलं नसावं, निदान बोलून तरी दाखवलं नाही. पण त्या मे महिन्यात यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. विहिरींचे तळ दिसत होते, माळावर गवताची काडी नव्हती, आणि ती वरची झाडं दुपारी माना खाली घालायची.

अशाच एका दुपारी आम्ही वर गेलो. टाकी मागं होतीच. मी सकाळी विचारलं होतं, न्यायची का? साहेब म्हणाले, लिंबाजीला प्यायला. मी ट्रॉली जोडली.

लिंबाजी झाडांपाशी उकिडवा बसला होता. साहेब त्याच्या शेजारी जाऊन बसले. 

"सायेब, शेंडा वाकलाय बघा."

"ऊन उतरलं की उठेल."

"एक तांब्या घालू द्या. एकच."

"नाही."

"अर्धा."

"लिंबाजी, तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या नोकरी. लेकरू पाणी मागतंय आन् आपण बसून बघायचं? हे कुठलं शिक्षण सायेब?"

 साहेबांची नजर टाकीकडं गेली, झाडाकडं आली, पुन्हा टाकीकडं गेली. मग ते एकदम उठले, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "टाकी सोड."

"कुठं सोडू?"

"रस्त्यावर. सगळी."

मला वाटलं, ऊन लागलं. मी म्हणालो, "साहेब, खाली घेऊन जातो की. माणसं पाण्यासाठी मारामाऱ्या करतायत, रस्त्यावर ओतायचं? पाप लागंल."

"लागू दे. खाली नेईपर्यंत मी तुला थांबवीन. आत्ताच झाडाला घालणार होतो मी. तू सोड लवकर."  मी तोटी उघडली.

पाणी तापल्या मुरमावर पडलं, चरचरलं, आणि उतारानं धावत सुटलं. लिंबाजी उठून उभा राहिला. आधी त्याला कळलंच नाही काय चाललंय. मग त्यानं तोंडात दोन बोटं घालून शीळ घातली, लांब, दोनदा. खालच्या वळणाला त्याच्या भावाची मेंढरं होती. ती वर आली, रस्ताभर पसरली आणि वाहतं पाणी चाटायला लागली. भाऊ मागून आला, काठीवर हात ठेवून उभा राहिला. इतक्या वर्षांत लिंबाजीनं त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. टाकी रिकामी होईपर्यंत सगळे बघत होते.

मेंढरं गेली. साहेब झाडांपाशी जाऊन पुन्हा बसले, तोंड वाळून पांढरं पडलेलं. लिंबाजीनं आपल्या खोपटातून चामड्याची पिशवी आणली. तिच्यात त्याचं स्वतःचं, संध्याकाळपर्यंत पुरवायचं घोटभर पाणी होतं. म्हणाला, "ओंजळ करा सायेब."

साहेबांनी ओंजळ केली. लिंबाजीनं धार सोडली. पाणी ओंजळीत आलं आणि साहेब थांबले. समोर हातभर अंतरावर ते झाड होतं, मान टाकलेलं. त्यांचे दोन्ही हात त्याच्याकडं थोडे पुढं गेले. लिंबाजी बघत होता. मीही बघत होतो, आणि मला त्या वेळी काय व्हावंसं वाटत होतं ते मला आजही सांगता येत नाही. पाणी बोटांतून गळायला लागलं.

मग त्यांनी हात मागं घेतले, खाली वाकले आणि ते पाणी पिऊन टाकलं.